क वरून नाव

मराठीतले जवळजवळ सगळे प्रश्न क वरून सुरू होतात, हे तुमच्या लक्षात आलंय? काय, कोण, कुठे, कधी, कसं, किती, कशाला. माझ्या ते फार लहानपणी लक्षात आलं, कारण माझी जीभ नेमकी क वर अडायची. इतर अक्षरांवरही अडायची, पण तिथे थोडी ढकलाढकली केली की निघायची. क वर मात्र घशाला आतून कडी लागायची. म्हणून मी प्रश्न विचारणंच सोडून दिलं. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत माझं नाव झालं ते गुणी पोर म्हणून. 'कशाबद्दल म्हणून विचारत नाही बघा,' असं बायका माझ्यासमोरच आईला सांगायच्या. मला विचारायचं पुष्कळ असायचं.

आणि माझं स्वतःचं नावही क वरून. बाकीचे शब्द बदलता येतात. कांदे तोंडातून निघाले नाहीत तर मी प्याज मागायची, काकडीला खिरा म्हणायची, कोथिंबिरीला धनिया. एका भाजीवाल्याची कित्येक वर्षं समजूत होती की मी यूपीची आहे. पण नावाला हिंदीत दुसरं नाव नसतं. कुणी 'नाव काय गं तुझं?' म्हटलं की माझी हनुवटी थरथरायची, मान एका बाजूला जायची, आणि विचारणारा माणूस घाईघाईने भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागायचा.

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव म वरून. ओठ मिटायचे, उघडायचे, झालं काम. बरं, तिला सोप्या नावाची गरजही नव्हती. तिला क यायचा, ख यायचा, ज्ञ सुद्धा यायचा. दोघींची नावं एकाच आत्याने ठेवलेली. दोन बारशांत तिने अक्षरांची अदलाबदल केली असती तर तिचं काय बिघडलं असतं? त्या आत्याशी मी जन्मभर नीट वागले नाही, आणि का नाही ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

मला बहिणीचा हेवा वाटायचा. स्पष्टच सांगते, म्हणजे पुढे सोपं जाईल. हेवा, मत्सर, जळफळाट, या तीन शब्दांवर माझी जीभ कधी अडली नाही.

आमच्या मजल्यावर एका मावशींकडे पिंजऱ्यात पोपट होता. पोपटाचा उष्टा पेरू खाल्ला की पोराची जीभ सुटते, असं कुणीतरी आईच्या डोक्यात भरवलं. तोवर वेखंड उगाळून चाटवून झालं होतं, देवीला नवस बोलून झाला होता. मग आई दुपारी पेरू घेऊन मावशींच्या दारात उभी राहायची. पोपट खाईल तेवढा खायचा आणि उरलेला माझा. पण बहीण माझ्या शेजारी ठाण मांडून बसायची आणि 'मला पण' म्हणून भोकाड पसरायची. आई बिचारी अर्धा तिच्या हातावर ठेवायची. जिला सबंध मजला 'गप गो बाय, कान किटले' म्हणायचा, तिला पोपटाच्या पेरूची काय गरज होती? पेरूचा गुण आला असेल तर तो तिलाच आला, असं माझं आजही मत आहे.

ती मला ताई म्हणत नसे. दोन वर्षांचं तर अंतर, ताई कसली, असं तिचं म्हणणं. आई ओरडून थकली. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून ती माझ्या नावाने हाक मारायची, पूर्ण नाव, एकही अक्षर न खाता. मला वाटायचं, मला जे येत नाही ते ती मुद्दाम सगळ्यांना ऐकवते आहे. मी उत्तर द्यायची नाही. मग ती आणखी मोठ्याने हाक मारायची.

तिचं नाव मी पहिल्यांदा वापरलं ते टेलरकडे. त्याने ब्लाउजचं माप घेतलं, कापडाला चिठ्ठी टोचली आणि पेन्सिल कानावरून काढून म्हणाला, 'नाव?' मागे दोन बायका ताटकळत होत्या. माझे ओठ मिटले, उघडले, आणि बहिणीचं नाव बाहेर पडलं. सुबक, पूर्ण. त्याने मान वरही केली नाही, लिहिलं आणि म्हणाला, 'गुरुवारी.' कुणी कॅलेंडर बघितलं नाही. रस्त्यावर आले तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की मी उगाचच पुढच्या नाक्यापर्यंत चालत गेले. मग मी तिचं नाव पिठाच्या चक्कीवर दिलं, वाचनालयात दिलं, दवाखान्यातल्या कंपाउंडरला दिलं. एकदा बहीण स्वतःचा ब्लाउज आणायला गेली आणि टेलरने तिला माझा काढून दिला. घरी आल्यावर ती माझ्याकडे बघून नुसती हसली. कुणाला काही बोलली नाही. तिचं न बोलणंही मला खुपलं, कारण त्यातही तिचाच मोठेपणा झाला.

मग गिरण्यांचा संप आला. बाबा साच्यावर होते, म्हणजे विणकाम खात्यात. आई घरात खानावळ चालवायची आणि तिचे सगळे जेवणारे आमच्या गावाकडचे गिरणी कामगार. महिने जात राहिले तसे ते एकेक करून कोकणात परतले. ज्या खोलीत पंगती उठायच्या तिथे बाबा दिवसभर भिंतीला टेकून बसू लागले. मी घरी पिको-फॉल करायची. शिवणयंत्राशी बोलावं लागत नाही.

एक दिवस बायका-मुलांचा मोर्चा निघाला. आम्ही मायलेकी तिघी गेलो. मोर्च्यात आरोळी देणारा एक असतो आणि तिला उत्तर देणारे बाकीचे सगळे. 'कोण म्हणतो देणार नाही?' असं एकाने म्हणायचं, आणि 'घेतल्याशिवाय राहणार नाही' असं गर्दीने. आरोळी देणाऱ्या बाईंचा घसा लालबागच्या आधीच गेला. त्यांनी मागे वळून बघितलं आणि माझी बहीण पुढे झाली. तिला कुणी बोलावलंही नव्हतं. तिने कमरेला ओढणी बांधली, हात वर केला आणि 'कोण' असा काही म्हटला की चाळींच्या गॅलऱ्यांतली माणसं कठड्याला आली. क वरून सुरू होणारी आरोळी. शंभरदा म्हटली असेल तिने, आणि प्रत्येक वेळी ती कडी तिच्यासाठी आपोआप निघत होती.

मी उत्तर देत होते. आरती म्हणताना, फुगडीची गाणी म्हणताना मी कधी अडत नाही. चारचौघींच्या आवाजात आवाज मिसळला की माझी जीभ सरळ चालते. पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेकांचं असंच असतं. त्या दिवशी मी जीव तोडून ओरडले. आयुष्यात इतकं मोठ्याने आणि इतकं सलग मी त्याआधी बोलले नव्हते, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. घरी आल्यावर बाबा, जे त्या दिवसांत आईशीसुद्धा धड बोलत नव्हते, उठून स्वतः स्टोव्ह पेटवायला बसले. आईला म्हणाले, 'घसो बसलो तिचो. गरम पाणी मीठ घालून दी तिका.' तिला दिलं. माझाही घसा बसला होता. पण माझा घसा बसलाय हे कुणाला कसं कळणार?

संपाचं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बाबांना परत घेतलं नाही. बहिणीला दादरच्या एका साडीच्या दुकानात नोकरी लागली ती निव्वळ तोंडाच्या जोरावर. गिऱ्हाइकाला सहा साड्या दाखवून सातवी गळ्यात मारायची. घरात तिचा शब्द वजनदार झाला. मी शिवत राहिले आणि माझं लग्नाचं वय टळत चाललं, असं सगळे म्हणायला लागले.

तेव्हा मामाने एक स्थळ आणलं. लालबागचे लोक, मुलगा शिवडीला गोदामात कामाला. मामाने त्यांना काय सांगितलं होतं? 'मुलगी शांत आहे.' एवढंच. पत्रिका नाही, फोटो नाही, गाववालेच ते, येऊन बघून जातो म्हणाले. मामाचा बेत असा की मी पोहे नेऊन ठेवायचे, हो-नाही म्हणायचं, आणि नावाचा विषय निघाला की तो गिरण्यांचा विषय काढणार. धाकटीला शेजारच्या खोलीत बसवून ठेवायची असंही ठरलं होतं. देखणी धाकटी बहीण कुणी समोर आणत नाही.

बेत पोह्यांपर्यंत ठीक चालला. मुलाने माझ्याकडे एकदा बघितलं, नंतर पोह्यांकडे, आणि परत माझ्याकडे. पोहे संपवून त्याने बशी हळूच खाली ठेवली, आवाज न करता. मला तो आवडला. इतकं पटकन कुणी आवडू शकतं हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात चहा घेऊन बहीण आली. शेजारच्या खोलीत बसवेना तिला. चहा देता देता तिने त्याच्या काकांना दुकानातला एक किस्सा सांगितला आणि सगळी खोली हसली. तोही हसला. मी पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

मी बश्या उचलून मोरीपाशी आले. मागोमाग त्याची आई आली, हात धुवायच्या निमित्ताने. हात धुतले, माझ्याच पदराला पुसले, आणि हळू आवाजात म्हणाली, 'बाहेर पुरुष माणसांत राहून गेलं. नाव काय गं बाय तुझं?'

बाहेर बहिणीचा आवाज चालू होता. समोर ही बाई इतक्या मायेने बघत होती की तिने कॅलेंडरकडे बघितलेलं मला सहन झालं नसतं. माझे ओठ मिटले आणि उघडले. टेलरकडे, चक्कीवर निघायचं तसंच ते नाव निघालं.

'छान आहे,' ती म्हणाली आणि माझ्या गालावरून हात फिरवून बाहेर गेली.

चार दिवसांनी मामा आला तो चपला न काढता उंबऱ्यावरच उभा राहिला. आईला म्हणाला, 'पसंती आलीय गं. पण घोळ झालाय. त्यांनी नाव घेऊन सांगितलं.' आणि त्याने म वरचं नाव घेतलं.

आईने डोक्याला हात लावला. 'माझ्या थोरल्या चेडवाचा नशीबच तसा,' म्हणाली. बाबा भिंतीपाशी बसल्या बसल्या गरजले, 'थोरली घरात असताना धाकटेचा लगीन? जमूचा नाय! लोक काय म्हणतले?' बहीण दुकानातून नुकतीच आलेली, हातात डबा तसाच. 'मला नाही करायचं,' म्हणाली, पण लाल झाली. ती लाल झालेली मी बघितली.

आता माझी काय अवस्था झाली असेल? मला ठाऊक होतं की ते नाव मीच सांगितलं होतं. म्हणजे पसंत मीच पडले असेन. पण त्यांनी तिलाही बघितलं होतं. काकांनी तिला 'बेटा, नाव काय?' असं विचारलेलं मी मोरीतून ऐकलं नव्हतं, पण विचारलं नसेल कशावरून? ती आत आली की लोक तिलाच विचारतात, हे मी जन्मभर बघत आले होते. ते दोघींपैकी पोहे आणणारीला हो म्हणाले की चहा आणणारीला? एका शब्दाचं काम होतं. कोणती? मामाला एवढंच विचारायचं, आणि त्याने जाऊन त्यांना विचारायचं. कोणती.

मी उठले, मामासमोर गेले आणि तो शब्द धरला. 'क,' म्हटलं. 'क, क.' कडी लागली. मामाने ताबडतोब भिंतीकडे बघितलं. 'कधी? तारीख अजून कुठे काढलीय,' तो म्हणाला. मी नाही म्हणून मान हलवली. 'काय झाला गो? काय होया तुका?' आई म्हणाली. मी परत धरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. 'कशाला रडतेस, दुसरं स्थळ बघू,' मामा म्हणाला. जो तो माझ्या तोंडात आपला शब्द कोंबत होता, आणि सगळे शब्द क वरचेच होते, आणि माझा त्यात नव्हता. तो मुलगा तिला मिळाला असता तर मी तिला क्षमा केली नसती. वरमाला घालताना हसले असते आणि क्षमा केली नसती.

बहिणीने डबा खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, 'तू त्यांना माझं नाव सांगितलंस?'

मी होकारार्थी मान डोलावली.

ती हसली. आधी बारीक, मग पोट धरून. हसता हसता तिने आई-बाबांना टेलर सांगितला, चक्की सांगितली, सगळं सांगून टाकलं. मग मामाला म्हणाली, 'चला, चपला घातल्याच आहेत. जाऊन विचारूया, कोणती? पोहेवाली की चहावाली?' तोच शब्द. माझ्या घशात तासभर घुसमटलेला शब्द तिने जाता जाता टाकला.

दोघं लालबागला गेले. मी यंत्रावर बसले आणि एका फॉलची शिवण तीनदा उसवली. ती परतली ती जिन्यापासूनच ओरडत आली, 'पोहेवाली! पोहेवाली!' सगळा मजला दारात आला. तिने त्यांना माझ्या अडखळण्याचंही सांगून टाकलं होतं. त्यावर मुलगा म्हणाला होता, 'चालेल. आमच्याकडे बोलणारे पुष्कळ आहेत.' आईने तिला मिठी मारली. हो, तिला. बातमी तिने आणली होती ना. मी आनंदात होते आणि आतून जळत होते, दोन्ही एकदम. तो ते वाक्य बोलला तेव्हा त्याचा चेहरा कसा होता, हे तिने बघितलं होतं आणि मी नाही.

लग्न साधंच झालं, दादरच्या एका लहान हॉलमध्ये. नाव बदलायची वेळ आली. ताटात तांदूळ पसरले, नवरदेवाने अंगठी काढून हातात घेतली आणि काय लिहायचं म्हणून आपल्या आईकडे बघितलं. आमच्यात सून घरात येताना नवं नाव घेऊन येते. कित्येक मुलींना याचा राग येतो. मी मात्र लहानपणापासून त्या ताटाची वाट बघत होते. क सोडून काहीही लिहा, असं मी देवीला सांगून ठेवलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, 'पहिल्या दिवशी तिनं जे नाव सांगितलं ते आमच्या तोंडात बसलंय. तेच राहू दे की.' लोक हसले. माझी बहीण ताटाच्या पलीकडे उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने वाकून ताटातले तांदूळ हाताने सारखे केले. मग म्हणाली, 'घे गं. नाहीतरी टेलरकडे तूच वापरतेस.'

त्याने तांदळात ते नाव लिहिलं. मी वाकून बघितलं. जे लहानपणापासून मला हवं होतं ते हळद लावलेल्या तांदळात माझं म्हणून लिहिलेलं होतं. पाच मिनिटांनी सासूबाईंनी जेवणाच्या पंगतीवरून मला हाक मारली, नव्या नावाने. मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून बहिणीने ओ दिली.

तिच्या लग्नात तिच्या सासरच्यांनीही तांदळाचं ताट आणलं होतं. तिने साफ नाही म्हटलं. 'हे नाव आमच्या घरातून एकदा देऊन झालंय, परत देणार नाही,' असं म्हणाली, आणि तिचं चाललंसुद्धा. त्यामुळे आम्ही दोघी आता एकाच नावाच्या आहोत. लालबागला माझा संसार झाला, मुलं मोठी झाली, गिरण्यांच्या जागी टॉवर आले. मी अजून अडते, पण कमी, आणि अडले तर समोरच्याला थांबायला लावते. नवरा थांबतो. तो पहिल्यापासून थांबत आला.

आई-बाबा गेले. मामा गेला, ती आत्याही गेली. चाळ पाडली आणि मजल्यावरची माणसं विरार-बदलापूरला पांगली. माझ्या मुलांना माझं पहिलं नाव माहीत आहे, पण ते त्यांनी कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही. नवऱ्याला तर ते आठवावं लागतं. मला स्वतःला ते आजही येत नाही. दुपारी घर रिकामं असताना मी कधी कधी प्रयत्न करते, आणि घशाला कडी लागते.

बहीण बदलापूरला असते. रविवारी तिचा फोन येतो. ताई ती अजून म्हणत नाही. मी फोन कानाला लावते, आणि पलीकडून गॅलरीच्या टोकावरून मारावी तशी हाक येते, पूर्ण नाव, एकही अक्षर न खाता. आता या जगात ते नाव घेणारी ती एकटीच उरली आहे. ती गेली की ते गेलं. म्हणजे तिचं नाव मी घेतलं आणि माझं तिच्याकडेच राहिलं. आणि ती ते इतकं सहज घेते, की दर रविवारी माझा पुन्हा जळफळाट होतो. पूर्वी मी उत्तर देत नसे. आता पहिल्या हाकेला ओ देते, तिने दुसरी हाक मारायच्या आत.